मौद्याची माळ

"बाई आल्या का? पाहा न कोणी गेटवर!"

सकाळपासून गोपिकाबाईंनी हे इतक्यांदा विचारलं होतं, की खुर्च्या लावणारा मांडववालाही आता त्यांना पाहिलं की आपणहून मान हलवायचा. नाही आल्या, काकू. अजून नाही आल्या. पोळा-मारबत होऊन आठवडा झालेला, रविवारचा दिवस, सुनेचं डोहाळजेवण, नागपूरच्या बेसा भागातल्या या फ्लॅटमधलं वास्तुशांतीनंतरचं पहिलं कार्य, दारात पन्नास बायकांच्या चपला. आणि ही बाई वाट पाहतेय कोणाची? तर जिच्याशी वास्तुशांतीपासून धड बोलणं नाही, त्या नणंदेची!

तीन वर्षांपूर्वीचं वास्तुशांतीचं ते प्रकरण कोणी विसरलं नव्हतं. गांधीबागेत भावाचं साड्यांचं दुकान, आणि त्याच भावाच्या घरी थोरल्या बहिणीच्या ओटीत नुसता ब्लाउजपीस! चूक झाली होती, पातळ भलत्याच पाहुणीच्या पिशवीत गेलं होतं. पण ते ऐकून घ्यायला जिजाबाई थांबल्या तर ना. त्याच पावली मौद्याला परतल्या. तेव्हापासून या घराचं पाणी त्यांनी चाखलं नव्हतं. म्हणून आज बायको नणंदेच्या वाटेला डोळे लावून बसलेली पाहून ताराचंदचा जीव सुपाएवढा झाला. भोळा माणूस! त्याला वाटलं, नातवंडानं येण्याआधीच घर जुळवलं.

जुळवलं कसलं डोंबल. गोपिकाबाईंना नणंद नकोच होती. नणंदेच्या पिशवीतली माळ हवी होती.

मौद्याची माळ म्हणजे काविळीची माळ. जिजाबाईंच्या सासरी ती चार पिढ्यांपासून चालत आलेली, सासूकडून सुनेकडे. कसल्याशा मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवून केलेलं एवढंसं कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. ते दिवसागणिक वाढत गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरतं, आणि माळ उतरली की कावीळ उतरली. दर बुधवारी आणि रविवारी अंगणात रांग लागायची. एक रुपया घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. या घरात तर लहान पोरालाही ठाऊक होतं, की काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं; पथ्य करा आणि मौद्याला जा.

आणि गुरुवारी सकाळी चहा देताना गोपिकाबाईंना सुनेच्या डोळ्यांत पिवळं दिसलं होतं.

त्यांनी लगेच फोन केला, पण नाव सांगितलं नाही. "आमच्या बिल्डिंगीतल्या एका बाईले कावीळ झाली हो बाई. रविवारी येतानी माळ आणाल का?" आपल्या सुनेचं कसं सांगायचं? कार्य तोंडावर आलेलं. बोभाटा झाला की पन्नास तोंडं पन्नास गोष्टी बोलणार, गर्भार पोरीला नजर लागणार. वर नणंदेपुढे नाक घासायचं ते वेगळंच. जिजाबाई फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. एका रविवारपर्यंत धीर धरायचा, एवढंच तर होतं.

*

फुलांच्या दागिन्यांखाली मिनलला भयंकर खाज सुटली होती. मोगऱ्याचे बाजूबंद, शेवंतीचा मुकुट, कंबरेला निशिगंधाचा पट्टा. तिसऱ्या मजल्यावरची भैरवी समोर गुडघ्यावर बसून तिच्या पायांत फुलांचे तोडे बांधत होती. भैरवीला स्वतःलाच पाचवा महिना, त्यामुळे वाकताना दोघींची पोटं एकमेकींना लागत होती आणि दोघीही खो खो हसत होत्या.

"काय तेज आलं वं पोट्टीच्या तोंडावर!" गांधीबागेतली एक काकू म्हणाली. "सोन्यासारखी चमकून राहिली."

"पोरगी होईन, लिहून घ्या. पोरगी असली का माय उजळते."

मिनल हसली. तेज कसलं, तिला ठाऊक होतं. ब्युटिशियनचे दोन थर, आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतः उभं राहून जाड घालायला लावलेलं काजळ. खुर्चीसुद्धा त्यांनी खिडकीकडे पाठ येईल अशी ठेवली होती. तीन दिवस तिला उलट्या होत होत्या. लघवी कोऱ्या चहासारखी. शुक्रवारी गौरांग तिला डॉक्टरकडे न्यायला निघालाही होता, पण आईंनी अडवलं. "डाक्टर आराम कर म्हणन, न् तिचं डोहाळजेवण राहून जाईन. आत्याबाईची माळ येऊनच राहिली न बाबू." गौरांग मौद्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर, तिथं मशीन जरा जास्त तापलं तर अख्खा प्लांट डोक्यावर घेणारा. घरात मात्र आईनं "बाबू" म्हटलं की संपलं.

आणि खरं सांगायचं तर मिनललाही हेच हवं होतं. सासऱ्यांनी अर्धं दुकान उचकून तिच्यासाठी हिरवा शालू काढला होता. उमरेडकडच्या गावाहून आई, रुखमाबाई, डबेच्या डबे घेऊन आली होती. बी-विंगमध्ये दोघांना कावीळ झाली होती, दोघेही आता खाली क्रिकेट खेळत होते. मग आपल्यालाच काय होणार? एवढा दिवस आनंदात जाऊ दे, मग झोपू. झोप तर अशी येत होती, की बायकांचे आवाज मधूनच लांब जायचे आणि परत यायचे.

"उखाणा! उखाणा झाल्याशिवाय ओटी नाही!"

"घेते न," मिनल म्हणाली. तिनं उखाणा स्वतःच जुळवला होता, आठवडाभर गौरांगला ऐकवून त्याचं डोकं खाल्लं होतं. "गांधीबागेत पातळ, मौद्यात वीज... गांधीबागेत पातळ, मौद्यात वीज..."

"पुढं?"

"गांधीबागेत..."

हॉलमध्ये हशा पिकला. "नवऱ्याचं नाव विसरली वं!" "गौरांग, पाय रे बापा, आताच विसरली, लेकरू झाल्यावर त ओळखणार पण नाही!"

मिनलही हसली. पण नाव खरंच आठवत नव्हतं. समोर दारात तो उभा होता, निळ्या कुर्त्यातला, ओळखीचा, आवडता. त्याला काय म्हणतात, ते काही केल्या सापडेना.

*

जिजाबाई एव्हाना आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात होत्या. आल्या आल्या भावजयीनं हाताला धरून थेट ओट्यापाशी नेलं, पाण्याचा पेला हातात ठेवला आणि कानाशी लागून विचारलं, "माळ आणली न बाई?"

"आणली न. पण ते बाई कोठी हाय? बसव तिले पूर्वेकडे तोंड करून." जिजाबाईंनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "पाण्याले वास येऊन राहिला वं तुमच्या."

"खालच्या टाकीत काहीतरी झालं म्हणतात पावसानं. आम्हाले सवय झाली. बाई, ऐका न... ते बाई म्हणजे..."

तेवढ्यात हॉलमधलं ते "गांधीबागेत, गांधीबागेत" ऐकू आलं, पाठोपाठ हशा. जिजाबाई मात्र हसल्या नाहीत. चाळीस वर्षं काविळीची माणसं पाहिलेली बाई. त्या गोपिकाबाईंना हातानं बाजूला सारून हॉलमध्ये गेल्या, पन्नास बायकांमधून वाट काढत मिनलपुढे उभ्या राहिल्या, तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली.

काजळाच्या आत हळदच हळद.

"आत चाल," त्या म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, हसूनच, "जरा घरची ओटी भराची हाय आत. तुम्ही जेवाले बसा वं, भजे थंडे होतीन."

आतल्या खोलीत माणसं जमली सहा, आणि आवाज पंचवीस जणांचा. मिनल फुलांसकट पलंगावर बसली. रुखमाबाई मागोमाग आल्या, ताराचंद आला, गौरांग आला. गोपिकाबाईंनी दार लावलं आणि हात जोडले.

"खोटं बोलली मी बाई. माफ करा. पण आता घाला माळ, पटकन घाला. बाहेर कोणाले समजणार नाही, मुकुटाखाली झाकून जाते."

"कावीळ?" रुखमाबाई किंचाळल्याच. "माह्या पोरीले कावीळ? न् मले सांगतलं नाही?" मग त्याही जिजाबाईंकडे वळल्या. "घाला न हो माय, काहून उभ्या राहिल्या? तुमच्या हातचा गुण पंचक्रोशीत नावाजलेला हाय."

जिजाबाईंनी पिशवी काखेत घट्ट दाबली. "दोन जिवांच्या बाईले माळ नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे नाही. आमच्या घरचा नेम हाय. माह्या सासूनं मले माळ देली तवा पह्यली शपथ तेच घेतली. पोटुशी बाई आली, त माळ काढाची नाही."

आता मात्र गोपिकाबाईंचा तोल सुटला. इतके दिवस पोटात दाबलेली भीती भलत्याच दारानं बाहेर पडली. "एक पातळ नाही मिळालं म्हून? त्या पातळाचा सूड माह्या सुनेवर काढून राहिल्या तुम्ही? अख्ख्या जिल्ह्याले माळ, न् भावाच्या घरी नेम!"

"असा कसला नेम हो?" रुखमाबाईही सरसावल्या. विहिणी विहिणी एक झाल्या, पाच वर्षांत पहिल्यांदा. "सख्ख्या भाच्याची बायको हाय ते. परकी हाय का?"

"बाई," ताराचंद रडवेला झाला होता, "मी आता दुकानातून शंभर पातळं आणून टाकतो तुह्या पायाशी. पण घाल माय."

"चूप बस रे ताऱ्या!" जिजाबाईंच्या आवाजानं खिडकीचं तावदान वाजलं. "पातळ गेलं खड्ड्यात! नेम काहून हाय, हे विचार न कोणी! साधा माणूस काविळीतून आपोआप उठते. माळ घाला, नका घालू, उठतेच. म्हून आमची माळ चालते! पण पोटुशी बाई उठत नाही. ते झोपते. नाव इसरते, मंग माणूस इसरते, मंग झोपते. माह्या सासूनं पाह्यलं होतं. म्हून माळ नाही!"

चार पिढ्यांचं बिंग असं एका दमात फुटलेलं, पण त्या क्षणी ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. सगळ्यांना एकच शब्द ऐकू आला होता. झोपते.

मिनल उशीला टेकून डोळे मिटत होती.

"गौरांग," जिजाबाई म्हणाल्या, "गाडी काढ."

"बाहेर पन्नास बाया..." गोपिकाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं.

"आई, हट!" गौरांग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यानं बायकोला मुकुट, तोडे, निशिगंधाच्या पट्ट्यासकट उचललं.

*

बेसा ते हॉस्पिटल हा रस्ता गौरांगनं कसा कापला, ते सिग्नलवरच्या पोलिसालाच विचारावं. पुढे रुखमाबाई, मांडीवर ओटीचं ताट. ते सोडायचं भानच राहिलं नव्हतं. मागे मध्ये मिनल, एकीकडे गोपिकाबाई, दुसरीकडे जिजाबाई. ताराचंद मागून स्कूटरवर. गाडीत मोगऱ्याचा वास इतका, की लग्नाची वरात निघाल्यासारखं वाटावं, आणि जिजाबाई तर बोलायच्या थांबतच नव्हत्या.

"झोपू नोको वं! ए मिनल! सांग मले, पोट्टा होईन का पोट्टी? काय नाव ठेवशीन? माह्या नावावर ठेव, जिजा. नोको? काहून नोको वं, काय वाईट हाय? बोल न, भांड माह्यासंग!"

"जुनं... आहे," मिनल पुटपुटली.

"जुनं म्हणते! पाहा! तुह्या सासूचं नाव लय नवं हाय का मंग? गोपिका! लोणी चोरणाऱ्याच्या मागं फिरणारी!"

मिनलच्या ओठांवर हसू आलं. गोपिकाबाईही रडता रडता हसल्या. रस्त्याकडेला मारबतीच्या, म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीच्या पताका अजून लोंबत होत्या. त्या पाहून जिजाबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि आपल्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" शेजारच्या ऑटोवाल्यानं दचकून पाहिलं, आणि नागपूरचाच तो, त्यानंही हात वर करून "घेऊन जाय गे!" केलं.

गोपिकाबाई मघापासून काहीतरी चाचपत होत्या. अखेर त्यांनी विचारलंच. "बाई, दुसऱ्या पोटुश्या बाया येत असतीन न तुमच्याकडे. त्याइले काय सांगता?"

जिजाबाईंनी काच वर केली. "बुधवारी आल्या त रविवारी या म्हणतो. रविवारी आल्या त बुधवारी."

"असं काहून? दवाखान्यात जा म्हणाचं न."

"माळेचं नाव खराब होते म्हणे. सासूनं तसंच सांगतलं होतं."

"मंग? मंग येतात त्या बुधवारी?"

"नाही येत," जिजाबाई म्हणाल्या आणि मिनलचा गाल थोपटू लागल्या. "ए मिनल, डोळे उघड वं, पाय, दवाखाना आला."

*

फुलांनी मढलेली पेशंट स्ट्रेचरवर आली तेव्हा कॅज्युअल्टीतले लोक उठून उभे राहिले. डॉक्टर अदिती पस्तिशीची, बारीक चणीची, बोलणं तोडून-तोडून. तिनं मुकुट स्वतः काढून रुखमाबाईंच्या ताटात ठेवला. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं, रिपोर्ट आला. मग तिनं सगळ्यांना बाहेर घेतलं.

"हेपॅटायटिस ई आहे. दूषित पाण्यातून येते ही कावीळ. तुम्हाला-मला झाली तर थोडे दिवस अंथरुणात काढून आपण बरे होऊ. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हीच कावीळ यकृत निकामी करू शकते. अशा चार-पाच बायकांमधली एखादी वाचत नाही. तिचं रक्त गोठण्याची क्षमता कमी झालीय आणि मेंदूवर परिणाम सुरू झालाय. बाळ केव्हाही येईल आणि तेव्हा रक्तस्राव व्हायला नको. आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर ढकललं असतंत, तर मी काही बोलू शकले नसते."

"औषध?" गौरांगनं विचारलं.

"या विषाणूवर गरोदर बाईला देता येईल असं औषध नाही. पण यकृत सावरेपर्यंत तिला धरून ठेवता येतं. साखर, रक्त, प्लाझ्मा, मिनिटा-मिनिटाला लक्ष. माळेनं किंवा घरी ते होत नाही." माळेचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, काविळीच्या सगळ्याच आधी माळ घालून येतात, त्यामुळे ती सगळ्यांनाच सांगायची. जिजाबाईंनी पिशवी पदराखाली घेतली. "आणि आज घरी कार्यक्रम होता ना? पाणी कुठलं वापरलंत?"

गोपिकाबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. ताक! गच्चीवर ताकाचं पिंप होतं, टाकीच्या पाण्यात घुसळलेलं. आणि भैरवी! पाचव्या महिन्याची भैरवी!

त्यांनी घरी फोन लावला आणि हॉस्पिटल असल्याचं विसरून ओरडल्या, "ताक फेका! पिंप उपडं करा! कोणी पाण्याले हात लावू नका! भैरवी कोठी हाय? तिले फोन द्या पह्यले!"

"काकू, मी भैरवीच बोलतेय," पलीकडून आवाज आला. "मी प्यायले नाही. बी-विंगमध्ये कावीळ आल्यापासून उकळलेल्या पाण्याची बाटली बरोबर ठेवते. मिनल कशी आहे?"

"बाटली ठेवते म्हणे," गोपिकाबाई खालीच बसल्या. "उकळलेल्या पाण्याची." आणि मग त्यांना हुंदका फुटला.

नेमकी तीच वेळ रुखमाबाईंनी साधली. भीतीचा राग होतो तसा त्यांचा झाला होता. "आता रडून काय फायदा ईनबाई? तीन दिवस! तीन दिवस माह्या पोरीचे डोळे काजळानं झाकले तुम्ही! पाहुण्यांसाठी! माह्या पोरीले काही झालं न, त..."

"मले म्हण," जिजाबाई मध्ये आल्या.

"तुमचा काय संबंध?"

"माहाच संबंध हाय. तिनं डाक्टरले फोन काहून नाही केला? काविळीले औषध नाही, हे कोणं शिकवलं तिले? आम्ही शिकवलं. चार पिढ्या शिकवलं. तिनं लपवलं हे खरं हाय, पण पोरीवर जीव हाय म्हूनच तिनं माह्यासारखीले, जिचं तोंड पाहाची इच्छा नाही, तिले बोलावलं. नाक मुठीत धरून बोलावलं. तुम्हाले कोणाले शिव्या द्याच्या असन, त मले द्या."

गोपिकाबाईंनी मान वर करून नणंदेकडे पाहिलं. गेल्या तीन वर्षांत जे जे बोलून दाखवायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच आता आठवेना. त्यांनी नुसता जिजाबाईंचा पदर धरला आणि डोळे त्यालाच पुसले.

तेवढ्यात नर्स धावत आली. "प्लाझ्मासाठी रक्तदाते लागतील. त्या बिल्डिंगमधलं कोणी नको, घरातलंही नको!"

"गांधीबागेतले चालतीन का?" ताराचंदनं विचारलं.

"कोणीही निरोगी चालेल."

आणि मग जे झालं, ते या घराण्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावं! हा माणूस दुकानात ग्राहकाशीसुद्धा हळू आवाजात बोलणारा. बायकोपुढे मांजर, बहिणीपुढे उंदीर. त्यानं फोन काढला आणि एकेकाला जो हुकूम सोडायला लागला! "अरे कृष्णकांत, ऊठ! रविवारची झोप मंग काढजो! सारी लाइन घेऊन ये. जरीवाला, अस्तरवाला, सारे! शर्टाच्या बाह्या वर करूनच निघा!" तासाभरात गांधीबागेतली निम्मी कापडगल्ली हॉस्पिटलात उतरली. एकमेकांचे धंदे पाडायला टपलेले लोक शेजारी शेजारी खुर्च्यांवर हात पुढे करून बसले. "माहं पह्यले घे न ताई, माहं ओ हाय!" "अबे बस, तुले डायबिटीज हाय, तुह्याले कोण विचारते!" नर्सेसना हसू आवरेना.

*

बाळ आलं सोमवारी दुपारी. मुलगी. वेळेआधीची, मुठीएवढी, पण रडली अशी की बाहेर बसलेल्या साऱ्या गोतावळ्याला ऐकू गेलं. ताराचंद नाचलाच. कृष्णकांतनं पेढे आणले, पण जिजाबाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. "मायचं समजू द्या आधी."

मायचं काही समजत नव्हतं. रक्तस्राव झाला, गांधीबागेचं रक्त आणि प्लाझ्मा तिच्या अंगात गेलं, आणि ती डोळे मिटून पडून राहिली. गौरांग काचेतून तिच्याकडे आणि दुसऱ्या काचेतून मुलीकडे, अशा येरझारा घालत राहिला. मंगळवारी डॉक्टर अदिती "रक्ताचा रिपोर्ट किंचित बरा आहे" एवढंच म्हणाली, आणि त्या एका "किंचित"वर सारं घर दिवसभर जगलं. दोन्ही विहिणी एका चादरीत बसून होत्या. कोण कोणावर रागावलं होतं, ते कोणी काढलं नाही.

बुधवारी सकाळी गौरांग आतून धावत बाहेर आला. चेहरा असा, की रुखमाबाईंनी छातीवर हात मारून घेतला.

"बोलली!" तो ओरडला. "डोळे उघडले तिनं! म्हणते, भूक लागली!"

"माय वं!" गोपिकाबाई उठल्या. "काय देऊ? पेज करू? भात?"

"झणझणीत तर्री-पोहे मागून राहिली!"

अहो, काय कल्लोळ उडाला! रुखमाबाई हसत होत्या का रडत होत्या, त्यांनाच ठाऊक. ताराचंदनं गौरांगला मिठी मारली, मग वॉचमनला मारली. डॉक्टर अदितीसुद्धा हसत बाहेर आली. "तर्री विसरा, अजून बरेच दिवस काळजी आहे. पण रिपोर्ट सुधारतोय. धोका टळत चाललाय." जिजाबाईंनी पेढ्याचा खोका उघडला आणि पहिला पेढा स्वतःच्या हातानं भावजयीच्या तोंडात कोंबला.

त्याच गडबडीत त्यांचा फोन वाजला. मौद्याहून कवडू, त्यांचा मुलगा.

"आई, अंगणात रांग लागली हाय. तुही सून माळा घालून राहिली. पण एक पोटुशी बाई आली, लय दुरून. आठवा महिना हाय, डोळे पिवळे जर्द. रविवारी या म्हणून सांगू न?"

कॉरिडॉरमध्ये सगळे एकदम बोलत होते. जिजाबाईंनी भिंतीला हात टेकला.

"कवडू, फोनचा आवाज मोठा कर. अंगणात साऱ्याइले ऐकू गेला पाह्यजे."

"आई, चाळीस-पन्नास माणसं हायेत."

"म्हूनच म्हणतो. कर मोठा."

गोपिकाबाईंनी वळून पाहिलं. कॉरिडॉरमधला गोंगाट हळूहळू ओसरला, आणि जिजाबाई मारबतीला हाक घातली होती तशाच खणखणीत आवाजात बोलू लागल्या.

"मी जिजाबाई बोलून राहिली. साऱ्याइनं ऐका. पोटुश्या बाईले आमची माळ लागत नाही. कधीच लागत नव्हती. आम्ही तिले रविवारी या, बुधवारी या म्हणत होतो, ते आमच्या नावासाठी. दोन जिवांच्या बाईचे डोळे पिवळे झाले, त एक दिवस थांबाचं नाही, दवाखान्यात न्याचं. माह्या घरची सून तिथंच वाचली. माळेनं नाही वाचली."

पलीकडून कवडूचा खाली गेलेला आवाज आला. "आई, लोक उठून चालले."

"जाऊ दे. ते पोरगी हाय का उठून गेली?"

"हाय. तिची सासू विचारून राहिली."

फोनवर खरखर झाली आणि एक म्हातारा, घाबरलेला आवाज आला. "मंग कोठी नेऊ वं माय? आम्हाले इथलं कोणीच ठाऊक नाही."

"कवडू गाडी काढते, तिच्यात बसा," जिजाबाई म्हणाल्या. "तिले झोपू देऊ नका, बोलत राहा तिच्यासंग. मी इथं दवाखान्याच्या गेटवर उभी हाव."

त्यांनी फोन गोपिकाबाईंच्या हातात दिला, पदर खोचला आणि जिन्याकडे निघाल्या.